आत्यांचा हेडफोन

विश्वजितनं हेडफोन आईच्या डोक्यावर चढवला, दोन्ही कानांवर दाबून नीट बसवला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "बोल काय तरी."

मी ओट्याशी भाकरी थापत होते. "काय बोलू?" मी म्हणाले.

खुर्चीवर बसलेल्या आत्या, म्हणजे त्याची आई आणि माझ्या सासूबाई, दचकल्या. त्यांचा हात छातीशी गेला. तिथं पदराला एक छोटा माईक चिमट्यानं लावलेला होता. माईकची वायर गळ्यात अडकवलेल्या काळ्या डबीत जात होती, आणि डबीतून निघालेली पिळाची जाड वायर हेडफोनकडं. विश्वजितनं दोन आठवडे माळ्यावर बसून हे सगळं जुळवलं होतं.

"ऐकाय आलं?" त्यानं विचारलं.

आत्यांनी मान डोलावली. "आलं. काय बोलू, म्हणाली."

विश्वजित हसला आणि लगेच तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं परत वळला. "हेमा, अजून बोल. लांब जाऊन बोल. जिन्यातनं बोल."

मी पिठाच्या हातांनी जिन्याच्या दारापर्यंत गेले. आत्या टक लावून माझ्याकडं बघत होत्या. मला एक वाक्य सुचेना. ज्या बाईसमोर मी तीन-साडेतीन वर्षं रोज बडबडत आले होते, तिला सांगायला माझ्याकडं काही नव्हतं.

"आत्या, भाकरी करपंल," मी शेवटी म्हणाले.

"मग जा की," आत्या म्हणाल्या.

विश्वजितला एवढा आनंद झाला की त्यानं डबीवरचं आवाजाचं बटण उगीचच दोनदा फिरवून बघितलं. मी तव्याकडं परतले. मला मात्र तो आनंद झाला नाही, आणि त्याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

ही इचलकरंजीतली गोष्ट, माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षाची. खाली यंत्रमागांची शेड आणि वर आमचं घर. सकाळी माग सुरू झाले की वरची फरशी थरथरायची, मांडणीतली ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. जयसिंगपूरहून लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन महिने माझं डोकं दुखायचं. मग सवय झाली. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असले की उलट चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आत्यांचं नाव कलावती. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्या सतराव्या वर्षी या घरात आल्या आणि आल्या त्या थेट शेडमध्ये गेल्या. आधी सुताच्या कांड्या भरायच्या, मग माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीनं माग चालवायला लागल्या. मागावरचा धोटा इकडून तिकडं आपटत राहायचा, आणि तो आवाज ऐकता ऐकता त्यांचे कान गेले. कधी गेले ते कुणाला नेमकं सांगता येत नाही. मी आले तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच त्यांना थोडंफार कळायचं. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र त्यांनी चार दिवस घातलं आणि काढून ठेवलं. शिट्टी वाजते म्हणाल्या.

हेडफोनला मात्र त्या तयार झाल्या. "कानात काय तरी लपवून घालायचं मला नको," त्या म्हणाल्या. "ह्ये बरं हाय. टोपीगत. ज्याला दिसायचंय त्याला दिसू दे."

तो हेडफोन विश्वजितच्या आधीच्या आयुष्यातला. वडील असेपर्यंत त्याचा साउंडचा धंदा होता. लग्नं, वराती, बारशी, इचलकरंजीपासून मिरजेपर्यंत. मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेच माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. हेडफोनचा एक गोळा कानावर, दुसरा मागं सरकवलेला, मान वाकडी करून बटणं फिरवणारा मुलगा. वडील गेले, मागांकडं बघणारं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यानं स्पीकर विकले, मिक्सर विकला, दिवेही विकले. हेडफोन तेवढा ठेवला. काळा, जड, कानावर मऊ गाद्या आणि डोक्यावर रुंद पट्टी. कपाटात तो मखमली पिशवीत असायचा. मी त्याला तोंडावर अहो म्हणायचे, मनात विश्वजित. आणि मनातल्या मनात मला ठाऊक होतं की त्यानं आईला तो दिला म्हणजे काय दिलं.

तरीही मला तो नको होता.

कारण घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. विश्वजित खाली शेडमध्ये, जेवायला वर आला तरी डोक्यात माग आणि व्यापारी. मी मिरजेला नर्सिंग शिकलेली, वॉर्डात दिवसभर माणसांत राहायची सवय असलेली मुलगी. स्वयंपाकघरात मी आणि आत्या दोघीच. त्या दुपारी शेडमधून वर यायच्या, ओट्याच्या कडेला पाट घेऊन भाजी निवडत बसायच्या, आणि मी बोलत राहायचे. आधी हळू. मग, यांना काही ऐकायला येत नाही हे पक्कं झाल्यावर, सरळ. आमटीत गूळ फार घालता म्हणून त्यांच्याचविषयी त्यांच्याच तोंडावर तक्रार करायचे. विश्वजित घोरतो ते सांगायचे. नोकरी सोडल्याचं वाईट वाटतं ते सांगायचे. एकदा भांडण झालं तेव्हा, मी आता माहेरी गेले की परत येत नाही, असंही म्हणाले होते. आत्या मेथीची पानं खुडत मधून मधून वर बघायच्या. बोलून झालं की मला हलकं वाटायचं.

आत्या तशा लहरी वाटायच्या. स्वयंपाकघरातली खिडकी वर्षानुवर्षं खिळे ठोकून बंद होती. एक दिवस त्यांनी आपणहून सुतार बोलावला आणि ती उघडून घेतली. कधी अचानक विश्वजितला म्हणायच्या, "हिला जयसिंगपूरला सोडून ये दोन दिस." एकदा, सणवार काही नसताना, अळिवाची खीर केली आणि आठवडाभर रोज मला वाटीभर दिली. अळीव डब्यात पडून होते, म्हणाल्या. त्या आठवड्यात पाण्याच्या घागरीही मला उचलू दिल्या नाहीत. त्यांना व्यायाम हवा होता म्हणे.

हेडफोन आला आणि माझं तोंड बंद झालं.

आत्या सकाळी उठल्या की चूळ भरायच्या आणि हेडफोन चढवायच्या. कुकरच्या शिट्टीला दोन्ही हात कानांवर जायचे. खिडकीतल्या चिमण्यांचा आवाज ऐकायला त्या माईक हातात धरून बाहेर काढायच्या. दारावर भाजीवाली आली की एक गोळा कानामागं सरकवून, मान वाकडी करून ऐकायच्या, अगदी आपल्या मुलासारख्या. गल्लीतली पोरं त्यांना डीजे आजी म्हणायला लागली आणि त्यांना ते आवडलं. शेडमध्ये जाताना त्या डबी काढून ठेवायच्या, पण हेडफोन तसाच डोक्यावर. विश्वजितनंच तसं सांगितलं होतं, उरलेले कान तरी वाचतील म्हणून.

मी "चहा ठेवू का", "मीठ बघा", "लाईट गेली" एवढंच बोलायचे. आत्या पाटावर बसून वर बघायच्या, वाट बघितल्यासारख्या. मी चेहरा पाडून पोळ्या लाटायचे.

पण बोलायची सवय अशी जात नाही. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी बोलते आहेच, फक्त आवाज न काढता. नुसते ओठ हलवायचे. माईकला काही पोचणार नव्हतं. तेवढ्यानंही बरं वाटायचं.

त्याच दिवसांत तेजस्विनीचा फोन आला. ती आणि मी मिरजेला एकाच खोलीत राहिलो होतो. आता ती सावंतवाडीजवळ एका ट्रस्टच्या प्रसूती दवाखान्यात होती. तिथं सिस्टर हवी होती, राहायला खोली होती, मोठ्या डॉक्टरीणबाईंशी ती माझ्याबद्दल बोललीही होती. "महिनाअखेरपर्यंत सांग," ती म्हणाली. "मग दुसरी घेतील."

मी तो फोन गच्चीवर जाऊन घेतला होता. खाली आल्यावर विश्वजितला काही सांगितलं नाही. मागांची अवस्था वाईट होती. आठातले तीन बंद पडले होते आणि तो सकाळपासून त्यांच्यातच अडकलेला असायचा. त्याला सोडून मी घाट उतरून नोकरीला जाते, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि त्याच्या आईला? मी ओट्याशी उभी राहून कांदा चिरायचे आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचे, सावंतवाडी. मला जायचं आहे. मला सावंतवाडीला जायचं आहे. तेजस्विनीला फोन करायला हवा. मग डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलायचे.

महिना संपत आला. एका दुपारी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले. पाच माग चालू होते, म्हणजे माणसाला स्वतःचा विचारही ऐकायला येत नाही एवढा आवाज. पलीकडच्या टोकाला विश्वजित बंद मागाखाली पाठमोरा बसून काही तरी आवळत होता. दोन मागांपलीकडून अन्वरनं, आमच्या जुन्या कामगारानं, माझ्याकडं बघून ओठ हलवले आणि बोटांनी चिमूट दाखवली. साखर कमी. शेडमध्ये सगळे असंच बोलायचे, तोंडानं आणि हातांनी. मी वर्षानुवर्षं बघत होते आणि कधी त्याचा विचार केला नव्हता.

आत्या आपल्या मागापाशी उभ्या होत्या. डोक्यावर हेडफोन, त्याची पिळाची वायर कमरेला खोचलेली. मी कप पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. माझ्या दंडाला धरून मला आपल्या समोर उभं केलं आणि ओठ हलवले.

मला कळलं नाही. मी मान हलवली.

त्यांनी पुन्हा हलवले, सावकाश, तोंड मोठं करून. पाच अक्षरं. शेवटचं अक्षर मला आधी कळलं, मग पहिलं. मग सगळं.

सावंतवाडी.

हा शब्द मी त्या घरात एकदाही मोठ्यानं उच्चारला नव्हता. अन्वरनं पुढं येऊन माझ्या हातातला ट्रे घेतला, बाजूला ठेवला आणि आपला कप उचलून निमूट दुसरीकडं गेला.

"फोन केलास का तिला?" आत्यांचे ओठ म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. मग लक्षात आलं की मीही आवाज काढलेला नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आत्यांनी एक बोट माझ्या ओठांजवळ आणलं आणि मग स्वतःच्या डोळ्यांकडं नेलं.

मी तिथंच कापडाच्या ताग्यांवर बसले. आत्याही माझ्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. त्या बोलत राहिल्या. काही मला लगेच कळायचं, काही दोनदा-तीनदा सांगायला लागायचं. आज आठवताना मात्र मला ते सगळं आवाजासकट आठवतं.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"किती दिवसांपासून म्हंजे? तू आल्यापासून. तीस वर्षं ह्या शेडमध्ये हाय मी. हितं सगळी अशीच बोलतात."

"सगळं कळायचं तुम्हाला?"

"पाठमोरी झालीस की सुटायचं. म्हणून तर ओट्याच्या कडेला बसायची मी. जिन्याकडनं उजेड येतो तिथं. खिडकी उघडल्यावर अजून चांगलं दिसाय लागलं."

मला तोंड कुठं लपवावं कळेना. आमटीतला गूळ, माहेरी निघून जाण्याची धमकी, सगळं एका क्षणात समोर आलं. मी पदर तोंडाशी नेला. आत्यांनी तो खाली ओढला.

"तोंड झाकू नकोस. मग मला कसं कळंल?"

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर बोलली असतीस?"

मी मान हलवली.

"विशू माझ्याशी बोलतो त्ये कानात वरडून. जेवलीस का, गोळी घेतलीस का. त्याचा काय दोष न्हाई. पण घरात मला सगळं सांगणारी तू एकटीच होतीस. ती बंद करून घेऊ व्हय मी?" त्यांनी डोक्यावरचा हेडफोन गळ्यात ओढला. "ह्ये लावलं त्ये बी तुझ्यासाठी. तू काय बोलतीस त्ये ठावं होतं. आवाज कसा हाय त्ये ठावं नव्हतं. म्हटलं, आता ऐकू. तर तू गप्पच झालीस."

विश्वजितनं मागाखालून हात बाहेर काढून पाना चाचपला, घेतला आणि पुन्हा आत गेला. त्यानं इकडं बघितलं नाही. बघितलं असतं तरी त्याला आम्ही दोघी बसून चहा पितोय एवढंच दिसलं असतं.

"अळीव का शिजवलं होतं मी, आठवतंय?" आत्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ती खीर बाळंतिणीला देतात. किंवा जिचं पोट रिकामं झालंय तिला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते. खात्री होऊ दे, मग विश्वजितला सांगू, म्हणून मी थांबले होते, आणि त्याआधीच सगळं संपलं. मी स्वतः नर्स. काय झालंय ते मला कळलं. एकटीच दवाखान्यात जाऊन आले, बाजारात गेले होते म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता आत्यांना सांगून टाकलं. त्यांना, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणं कुणालाच नाही. विश्वजितच्या वडिलांना जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. त्याच्यावर अजून एक ओझं नको, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

आता मी शेडमध्ये बसून रडले. तिथं रडण्याची एक सोय होती, आवाज काढला तरी चालायचा. आत्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. हेडफोनची गादी माझ्या कपाळाला टोचत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला सरळ बसवलं.

"मला सांगितलंस, बरं केलंस. पण विशूला सांग. त्याचं कान धड हायत."

"आणि सावंतवाडी?"

"जा की. त्याला काय विचारतीस?"

"तुमचं कोण बघणार?"

"मी काय पाळण्यात हाय?" असं म्हणून त्या उठल्या, गार झालेला चहा एका घोटात प्यायल्या आणि मागाकडं वळल्या.

तेजस्विनीला मी त्याच संध्याकाळी हो कळवलं. विश्वजितला मात्र त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना आत्यांनीच हेडफोन नीट बसवला, डबीचं बटण फिरवलं आणि शेजारच्या घरात ऐकायला जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "हेमा सावंतवाडीला नोकरीला चाललीय. पुढच्या सोमवारी."

विश्वजितचा घास हातात राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"हिनंच."

तो माझ्याकडं बघायला लागला. "आईला सांगितलंस. मला नाही."

मी काही बोलायच्या आत तो स्वतःच म्हणाला, "गच्चीवर जाऊन फोनवर बोलत असशील तू. आईनं ऐकलं असेल." मग त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. राग होता, आणि त्याच्या खालून समाधान डोकावत होतं. "गच्चीवरचं ऐकायला येतंय म्हणजे माईक चांगला बसलाय."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाण्याचा तांब्या उचलला. त्याला खरं सांगावं असं आम्हा दोघींनाही वाटलं नाही.

रागच शेवटी वरचढ ठरला. सोमवारपर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलला. आत्यांनी बजावलं म्हणून बॅग घेऊन स्टँडवर आला, खिडकीपाशी जागा धरून दिली आणि गाडी सुटायच्या आतच निघून गेला.

पुढं सगळं कसं झालं तेही सांगून टाकते. माग आणखी पाच वर्षं चालले, मग भंगारात गेले. विश्वजित सावंतवाडीला आला, दशावतारी नाटक मंडळ्यांना आणि लग्नांना साउंड लावायला लागला, आणि तो धंदा त्याला इथं चांगला लाभला. आत्या थोडे दिवस आमच्याकडं, थोडे दिवस इचलकरंजीत राहतात. हेडफोन अजून चालतो. त्याच्या कानावरच्या गाद्या तिसऱ्या वर्षीच सुटायला लागल्या. काळे पापुद्रे आत्यांच्या खांद्यांवर, उशीवर, एकदा तर पिठाच्या परातीतही सापडले. मग आत्यांनी आमच्याच मागावरच्या कापडाची खोळ शिवली, आत कापूस भरला आणि नाडी ओढून बसवली. खोळ मळली की धुवायची, फाटली की नवी शिवायची. डोक्यावरची पट्टी मधोमध मोडली तेव्हा विश्वजितनं पितळी पट्टी लावून ती सुतानं घट्ट गुंडाळली. वायर चारदा डाग देऊन जोडून झाली. डावा गोळा आता थोडा खरखरतो. मुंबईला नवीन मिळतात, हलके, बिनवायरचे. विश्वजितनं एक आणूनही दिला होता. आत्यांनी तो दोन दिवस वापरून माझ्या मुलाला देऊन टाकला.

पण मला सांगायचंय ते मी गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातलं.

दर रविवारी दुपारी विश्वजित आपल्या मोबाईलला हेडफोन जोडायचा आणि आत्यांच्या डोक्यावर चढवून बाजूला व्हायचा. माझ्याशी स्वतः बोलायचा नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत, त्यामुळं मला आवाज काढून, सावकाश, शब्द सुटे करून बोलावं लागायचं. आत्या मधेच म्हणायच्या, "परत म्हण," आणि मी परत म्हणायचे. वॉर्डात कोण आहे, काय जेवले, उकाडा किती आहे. साडेतीन वर्षं त्यांना सगळं सांगत होते, पण त्यांच्याशी बोलायला मी त्या फोनवरच शिकले.

त्या रविवारी सकाळीच एक बाई बाळंत झाली होती. शेजारच्या गावची, पहिलटकरीण, अंकिता नावाची. मी आत्यांना ते सांगत होते तेवढ्यात मागच्या खोलीत बाळ रडायला लागलं.

"त्ये काय गं?" आत्यांनी विचारलं.

"तेच बाळ. मुलगी आहे."

"जवळ ने की जरा."

मी आत जाऊन अंकिताला विचारलं. तिनं हसून बाळ माझ्याकडं सरकवलं. मी मोबाईल बाळाच्या तोंडाशी धरला. ते सहा तासांचं पोर होती नव्हती तेवढी ताकद लावून किंचाळत होतं. मी तसाच धरून ठेवला.

"कोण आसा?" अंकितानं विचारलं.

"माझ्या सासूबाई."

बाळ दमून थांबलं तेव्हा मी फोन कानाला लावला. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग कितीतरी दिवसांनी विश्वजितचा.

"काय ऐकवलंस आईला? रडाय लागलीय."

"बाळ रडत होतं. आजच झालंय."

"मग त्यात रडण्यासारखं काय हाय? विचारतोय तर म्हणती, हेमाला विचार."

मी खोलीतून बाहेर आले. ओसरीत कुणी नव्हतं. त्याला तिथंच, फोनवर सांगता आलं असतं. पण मी म्हणाले, "तुम्ही या इकडं. मला तुम्हाला काही सांगायचंय."

"काय?"

"फोनवर नाही."

"शनिवारी येतो," तो म्हणाला.

शनिवारी दुपारच्या गाडीनं तो आला. हातात आत्यांनी दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, चेहरा अजून तिरका. मी त्याला सावंतवाडीच्या तळ्यावर घेऊन गेले. सुट्टीची गर्दी व्हायला अवकाश होता. आम्ही कठड्यावर बसलो. तो पाण्याकडं बघत होता.

मी सांगितलं. पहिल्यापासून, मधलं काही न गाळता. दवाखान्यात एकटी गेले ते, बाजारातून आल्याचं खोटं, कणकेची परात, अळीव. मी सांगत असताना तो माझ्याकडं वळला आणि मग त्यानं नजर हलवली नाही.

"बाबा गेले तेव्हाचं," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा मी घरात कुणाशी बोलतच नव्हतो." त्यानं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "तू कशी सांगणार होतीस?"

पलीकडच्या काठावर दिवे लागले. एक मुलगा सायकलवरून शिट्टी वाजवत गेला. विश्वजितनं परतीच्या गाडीचं तिकीट खिशातून काढलं, बघितलं आणि घडी घालून परत ठेवलं.

"उद्या सकाळची आहे," तो म्हणाला. "सोमवारची घेतो."